व्हीलचेअर घेऊन पहिल्यांदा विमानात: तिकिटाच्या आधीपासून घरी परतेपर्यंत

माझ्या नवऱ्याला कमरेखाली हालचाल नाही आणि स्पर्शही कळत नाही. अपघाताला अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली सहा वर्षं आम्ही इंदूरबाहेर पडलो ते फक्त आमच्या गाडीनं, उज्जैन किंवा महेश्वरपर्यंत. मग पुण्याला नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. रात्रभराच्या रेल्वेत डब्याचं दार अरुंद, संडासात चाक शिरत नाही. रस्त्यानं सहाशे किलोमीटर एका जागी बसून जाणं त्याच्या कातडीला झेपणारं नाही. राहता राहिलं विमान. त्या लग्नानंतर आम्ही चौघं, म्हणजे आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई, बऱ्याचदा विमानानं गेलो. आता रामबागेतून, सुदामा नगरातून ओळखीचे फोन येतात: "आईला पुण्याला न्यायचंय, चालता येत नाही, तुम्ही कसं केलंत?" दर वेळी तासभर बोलणं होतं, तरी काही ना काही राहून जातं. म्हणून हे सगळं लिहून काढलं आहे.

पहिल्या प्रवासात प्रत्येक जण मलाच विचारत होता, "मैडम, सर को कैसे उठाना है?" मीही उत्तरं देत सुटले होते. पुण्याला उतरल्यावर नवरा शांतपणे म्हणाला, "माझ्या अंगाला आज सात जणांनी हात लावला. एकानंही मला विचारलं नाही." त्या दिवसापासून आमच्या घराचा नियम ठरला: सूचना तोच देणार, आम्ही बाजूला उभं राहायचं. कोणी मला विचारलं की मी त्याच्याकडे हात करते आणि म्हणते, "उन्हीं से पूछिए, वो बताएँगे." खाली लिहिलेल्या बऱ्याचशा गोष्टी या एका नियमातून आलेल्या आहेत.

तिकीट काढण्याआधी

आपण भाडं बघून विमान निवडतो. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी आधी शरीराचं वेळापत्रक बघावं लागतं. पोट साफ व्हायची वेळ, लघवीसाठी कॅथेटर (नळी) घालायची वेळ, औषधांच्या वेळा हे सगळं एका कागदावर मांडा आणि त्यावर प्रवास ठेवून बघा. इंदूर ते पुणे विमान हवेत असतं जेमतेम सव्वा तास. पण घरून दहाला निघालो, विमान एकचं असलं, तर सव्वादोनच्या सुमारास उतरतो, खुर्ची हातात येऊन बाहेर पडेपर्यंत तीन-सव्वातीन होतात आणि नणंदेच्या घरी पोहोचेपर्यंत साडेचार. म्हणजे दारापासून दारापर्यंत साडेसहा तास. ज्यांना दर चार ते सहा तासांनी कॅथेटर घालावा लागतो, त्यांना मध्ये एकदा ते करावंच लागणार. कुठे करायचं ते तिकीट काढतानाच ठरवा.

म्हणून पहाटेचं स्वस्त विमान आम्ही घेत नाही. पहाटे साडेतीनला उठून त्याचं सगळं आवरायचं तर आदल्या रात्रीची झोप जाते, आणि घाईत पोट नीट साफ झालं नाही तर दिवसभर त्याच्या मनावर तेच ओझं राहतं. दुपारचं विमान थोडं महाग पडलं तरी चालेल.

थेट विमान मिळत असेल तर तेच घ्या. मधे बदलायचं असेल तर दोन विमानांत किमान अडीच-तीन तास हवेत. व्हीलचेअरवरचा प्रवासी विमानात सगळ्यांत आधी चढतो आणि सगळ्यांत शेवटी उतरतो, त्यामुळे दीड तासाचं अंतर कागदावर पुरेसं दिसलं तरी त्यातला अर्धा तास विमानातच संपतो.

विमान कोणतं आहे हेही बघा, तिकिटाच्या तपशिलात लिहिलेलं असतं. एअरबस ए३२० मध्ये एका रांगेत तीन-तीन सीट असतात. एटीआर हे पंख्यांचं छोटं विमान, त्यात दोन-दोन. एटीआरचं प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं आणि ते सहसा दूर उभं राहतं, एअरोब्रिजला, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दारापर्यंत जाणाऱ्या बंद पुलाला, लागत नाही. म्हणजे चढायला रॅम्प, जिना किंवा माणसाला खुर्चीसकट दारापर्यंत वर उचलणारा ट्रक, म्हणजे अ‍ॅम्बुलिफ्ट. शिवाय त्याचा सामानाचा कप्पा लहान, म्हणून जड बॅटरीची खुर्ची असेल तर तिची लांबी, रुंदी, उंची आणि वजन कळवून आधी होकार घ्या.

मदत मागताना नेमके शब्द

नुसतं "व्हीलचेअर हवी" असं सांगू नका. विमान कंपन्यांच्या भाषेत तीन वेगळ्या नोंदी आहेत आणि चुकीची नोंद झाली की सगळी फजिती होते.

डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही, पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना चढता येत नाही, पण विमानाच्या आत आपल्या सीटपर्यंत चार पावलं चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत न्यावं आणि बसवावं लागतं. शेवटचं अक्षर लक्षात ठेवा: आर, एस, सी.

तिकीट एजंट किंवा वेबसाइट बहुतेक वेळा आरवरच खूण करते, कारण बहुतेक आजी-आजोबांना तेवढंच लागतं. आमच्या दुसऱ्या प्रवासात हेच झालं. विमानापाशी पोहोचलो तर समोर जिना, आणि कर्मचाऱ्याच्या यादीत नवऱ्याच्या नावापुढे 'आर'. अ‍ॅम्बुलिफ्ट मागवेपर्यंत पस्तीस मिनिटं उन्हात गेली. तेव्हापासून मी तिकीट काढल्यावर त्याच दिवशी कंपनीला फोन करते, नोंद कोणती आहे ते त्यांच्याकडून वाचून घेते, आणि ईमेलवर लेखी मागते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार ही मागणी सुटण्याच्या वेळेच्या किमान ४८ तास आधी कळवायची असते. परतीच्या तिकिटाचीही वेगळी खात्री करा. जातानाची नोंद येतानाच्या तिकिटावर आपोआप जाईलच असं नाही.

फोनवर हे विचारा: सीटपर्यंत न्यायला अरुंद केबिन चेअर मिळेल ना? हाताचा दांडा वर उचलता येतो अशी सीट कोणत्या रांगेत आहे? आपली खुर्ची विमानाच्या दारापर्यंत नेता येईल ना, आणि उतरताना ती दारातच मिळेल ना? आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत व्हीलचेअरच्या प्रवाशाला बसवत नाहीत. काही कंपन्या अजिबात चालता न येणाऱ्याला खिडकीची सीट देतात, म्हणजे गडबडीत बाकीच्यांचा मार्ग अडत नाही. तसं असेल तर दोन सीटवरून सरकत आत जावं लागतं, म्हणून दांडे उचलले जाणं आणखीच गरजेचं. शेजारच्या सीट घरच्याच माणसांच्या ठेवा. कोणा अनोळखी माणसाला त्याच्या पायांवरून ओलांडून जावं लागायला नको.

डॉक्टरांचं प्रमाणपत्र प्रत्येकाला लागत नाही. अपंगत्व स्थिर असेल, आजार चालू नसेल, तर ते मागण्याचं कारण नाही. नुकतंच ऑपरेशन झालं असेल, इस्पितळातून सुटून थोडेच दिवस झाले असतील किंवा विमानात ऑक्सिजन लागणार असेल, तर मात्र 'मेडिफ' नावाचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून आधी पाठवावा लागतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, जवळ ठेवा, कधीकधी बोलणं लवकर संपतं.

आणि घरात दोन माणसांना मदत लागत असेल तर दोघांची वेगवेगळी नोंद करा. आमच्या सासूबाई चालतात, पण गुडघ्यांमुळे फार नाही. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "मला कशाला, मी येते की हळूहळू." त्यांचं मी ऐकलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर एक ८० वर्षांचे गृहस्थ पत्नीच्या व्हीलचेअरमागून चालत गेले, कारण दुसरी व्हीलचेअर यायला वेळ होता. ते कोसळले आणि वारले. डीजीसीएनं त्या कंपनीला ३० लाखांचा दंड केला. ही बातमी मी सासूबाईंना वाचून दाखवली. आता त्या निमूट बसतात. ज्यांना खरंच गरज नाही, त्यांनी रांग चुकवायला व्हीलचेअर मागू नये एवढी मात्र हात जोडून विनंती. ती खुर्ची अशाच कोणाची तरी असते.

नकार आला तर

बहुधा येणार नाही. तरी माहीत असावं. जीजा घोष या कोलकात्याच्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या. २०१२ मध्ये गोव्याला परिषदेसाठी निघाल्या असताना त्यांना विमानातून उतरवलं गेलं. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि २०१६ मध्ये न्यायालयानं त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पुढे मे २०२२ मध्ये रांचीला एका अपंग मुलाला विमानात चढू दिलं नाही, त्यात कंपनीला ५ लाखांचा दंड झाला आणि त्याच वर्षी नियम बदलला: अपंगत्व आहे एवढ्या कारणावरून कंपनी प्रवाशाला नाकारू शकत नाही. प्रवासात तब्येत बिघडेल असं वाटलं तर विमानतळावरच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावं लागतं, आणि तरीही नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. काउंटरवर कोणी कुरकुर केली तर आवाज न चढवता एवढंच म्हणा, "डॉक्टर को बुलाइए, और जो भी हो, लिखकर दीजिए."

खुर्ची

साधी घडीची व्हीलचेअर साधारण पंधरा ते अठरा किलो भरते. ती आपल्या सामानाच्या वजनात धरत नाहीत आणि तिचे पैसे लागत नाहीत.

बॅटरीच्या खुर्चीचं थोडं गणित आहे. लिथियम बॅटरी असेल तर तिच्यावर व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहिलेलं असतं, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-अवर. २४ व्होल्ट आणि १२ अँपिअर-अवर म्हणजे २८८ वॅट-अवर. घडी होणाऱ्या, बॅटरी काढता येणाऱ्या खुर्चीत एक बॅटरी ३०० वॅट-अवरपर्यंत चालते, किंवा दोन असतील तर प्रत्येकी १६०पर्यंत. काढलेली बॅटरी सामानात टाकायची नाही, टोकांना चिकटपट्टी लावून, पिशवीत घालून हातात घ्यायची. जेल किंवा न सांडणारी लेड बॅटरी असेल तर तसं आधी कळवा. बॅटरीवरच्या लेबलचा स्वच्छ फोटो आणि कंपनीचं माहितीपत्रक मोबाइलमध्ये ठेवा, कारण काउंटरवरच्या माणसाला वाकून लेबल वाचायला वेळ नसतो.

खुर्ची सामानाच्या कप्प्यात जाते तेव्हा तिच्यावर बॅगा आदळतात हे गृहीत धरा. एका प्रवासात आमचं डावं पाऊलदान हरवलं. ते निसटून पडलं होतं, बेल्टवर आलंच नाही, आणि लग्नघरात तीन दिवस नवऱ्याचा पाय ओढणीनं बांधून ठेवावा लागला. त्याला स्पर्श कळत नाही, त्यामुळे पाय चाकाकडे घसरतोय का हे दर दहा मिनिटांनी आम्हीच बघायचं. तेव्हापासून खुर्ची हातातून देताना जे जे निघतं ते काढून घेतो: उशी, दोन्ही पाऊलदानं, बाजूच्या पट्ट्या, मागची पिशवी. हे सगळं एका मोठ्या कापडी पिशवीत भरून विमानात सोबत. हे काम मुलीकडे आहे. ती आधी चारही बाजूंनी खुर्चीचे फोटो काढते, मग एकेक भाग मोजून पिशवीत भरते. बारा वर्षांची आहे, पण तिच्या हातून अजून काही हरवलेलं नाही.

खुर्चीच्या पाठीवर एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवा. त्यावर मोठ्या अक्षरात हिंदीत आणि इंग्रजीत: नाव, फोन, विमान क्रमांक, घडी कशी करायची, ब्रेक कुठे आहे, कुठे धरून उचलायचं नाही. आम्ही बाण काढून दाखवलं आहे.

घरची रंगीत तालीम

याच्यावर माझा सगळ्यांत जास्त भर आहे, आणि लोक नेमकं हेच टाळतात. विमानातली मधली वाट जेमतेम दीड फुटाची असते. आपली खुर्ची त्यातून जात नाही, म्हणून दारापाशी प्रवाशाला अरुंद केबिन चेअरवर घेतात, छातीला, मांड्यांना आणि पायांना पट्टे बांधतात, मागे कलवतात आणि आत नेतात. पहिल्यांदा बसणाऱ्याला हे पट्टे भीतिदायक वाटतात. नवऱ्याला तर अपघाताच्या दिवशीचं स्ट्रेचर आठवलं होतं.

म्हणून घरी सराव करा. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या शेजारी ठेवा, समोर दीड फुटावर आणखी दोन. ही झाली विमानाची रांग. आता व्हीलचेअरवरून त्या खुर्चीत कसं जायचं ते करून बघा. ज्यांच्या हातात जोर आहे त्यांना सरकफळीवरून, म्हणजे दोन खुर्च्यांच्या मधे टेकवलेल्या गुळगुळीत फळीवरून, सरकता येईल. ज्यांना उचलावं लागेल त्यांच्यासाठी दोन माणसं: एक मागून काखेखालून हात घालून प्रवाशाची मनगटं धरणार, दुसरा गुडघ्यांखाली. काखेत ओढायचं नाही, विशेषतः पक्षाघातानं एक खांदा सैल झालेला असेल तर. त्या बाजूचा हात कधीही ओढू देऊ नका, आधी पोटावर घ्यायला सांगा.

उचलण्याची सूचना प्रवाशानंच द्यायची, आणि विमानतळावरचे कर्मचारी इथे हिंदी बोलतात, तर हिंदीतच. आमचं घोटून झालेलं वाक्य असं: "पहले ब्रेक लगाइए। मेरे पैर आप पकड़िए। तीन बोलूँगा, तब उठाना है। एक, दो, तीन।" बोलायला त्रास असेल तर तीच वाक्यं मोठ्या अक्षरात कार्डावर लिहा आणि कार्ड त्यांच्याच हातानं दाखवू द्या.

सराव चार-पाच दिवस रोज एकदा केला की भीती जाते. नवऱ्याच्या मते पट्ट्यांची भीती जायला एकच गोष्ट उपयोगी पडली: मुलीला आधी त्या पट्ट्यांत बांधलं आणि ती खुदूखुदू हसत बसली.

सोबतची पिशवी

औषधं दोन दिवसांची जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि सगळी हातातल्या पिशवीत. कॅथेटर, हातमोजे, ओले पुसणे, कपड्यांचा एक पूर्ण जोड, दोन डायपर, पाठीमागे ठेवायला लहान उशी, पातळ चादर. चादर फार कामाची: उचलताना कपडे सरकले तर वरून टाकता येते. लोकांदेखत अंग उघडं पडण्याची लाज प्रवाशालाच वाटते, म्हणून ती काळजी आधीच घ्या.

बसायची उशी हवेची असेल तर तिच्यातली थोडी हवा सोडा. विमानाच्या आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरावर असते तितकी विरळ होते, म्हणून बंद पिशवीतली हवा फुगते. वर गेल्यावर चिवड्याचं पाकीट टम्म फुगलेलं दिसतं ना, तसंच उशीचं होतं, ती कडक होते आणि दाब वाढतो. उतरल्यावर पुन्हा हवा भरा, पंप विसरू नका.

निघण्याचा दिवस

राजवाड्याहून देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ आठ-नऊ किलोमीटर. एरवी हे अंतर काहीच नाही. पण रंगपंचमीला राजवाड्याच्या बाजूला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, निघतात आणि नवरात्रात विमानतळाजवळच्या बिजासन टेकडीवर जत्रा भरते. या दिवसांत बडा गणपती किंवा कालानी नगरमार्गे जायचं तर एक तास जास्त धरा. आम्ही एकदा नवरात्रात अडकलो आणि त्याच्या बसण्यातला पाऊण तास उगाच गाडीत गेला.

विमानतळावर अडीच-तीन तास आधी पोहोचा. देशांतर्गत विमानाचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात. मोबाइलवर चेक-इन झालं असलं तरी काउंटरवर जाच: खुर्चीवर टॅग लावायचं काम तिथेच होतं. टॅगवर खुर्ची विमानाच्या दारापर्यंत जाणार अशी नोंद करून घ्या आणि टॅगचा फोटो काढा. कर्मचारी म्हणतील, "आपली खुर्ची इथेच द्या, आमची वापरा." नम्रपणे नाही म्हणा. विमानतळाची खुर्ची सगळ्यांना बसेल अशी बनवलेली असते. नवऱ्याच्या खुर्चीची उशी त्याच्या हाडांप्रमाणे बेतलेली आहे, दोन-तीन तास दुसऱ्या टणक सीटवर बसलं तर जखम व्हायला तेवढं पुरतं.

सुरक्षा तपासणीत व्हीलचेअर धातुशोधक चौकटीतून जात नाही, म्हणून बाजूनं नेतात आणि हातातल्या यंत्रानं, हातानं तपासतात. खुर्ची कापडानं पुसून स्फोटकांचे कण आहेत का ते बघतात. तपासणी करणाऱ्या सीआयएसएफच्या (केंद्रीय सुरक्षा दलाच्या) जवानाला आधीच सांगा: कुठे स्पर्श कळत नाही, कुठे लघवीची पिशवी आहे, कुठे रॉड घातला आहे. लघवीची पिशवी लावलेली असेल तर बंद खोलीत तपासणी मागा, आणि बाईमाणूस असेल तर महिला जवान असतेच. एकानं नवऱ्याला उभं राहायला सांगितलं होतं. तो म्हणाला, "खड़ा नहीं हो सकता, उशी इथूनच बघा," आणि गडबडीत अर्धं वाक्य मराठीत गेलं. जवान मराठीच निघाला. दोघं मग पाच मिनिटं अकोल्याबद्दल बोलत बसले.

तपासणी झाली की पहिलं काम दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह. लघवी, पिशवी रिकामी करणं, डायपर बदलणं, सगळं इथेच. विमानातल्या स्वच्छतागृहात खुर्ची जात नाही आणि सव्वा तासात तिथे जाण्याचा विचारही नको. मात्र म्हणून सकाळपासून पाणी बंद करू नका. आमच्याकडे पहिल्यांदा तेच केलं होतं, आणि पुण्यात पोहोचल्यावर दोन दिवसांत लघवीच्या संसर्गानं ताप आला. नेहमीसारखं पाणी प्या, फक्त शेवटच्या तासात घोटघोट.

विमानाच्या दारात

एअरोब्रिज असेल तर दारापर्यंत आपल्याच खुर्चीत जाता येतं. नसेल तर अ‍ॅम्बुलिफ्ट येते: ट्रकवर बसवलेली खोली, ती पूर्णच्या पूर्ण वर उचलली जाऊन विमानाच्या दाराला लागते. काही ठिकाणी लांब रॅम्प लावतात. कोणी "चार जण मिळून जिन्यावरून उचलून नेतो" म्हणालं तर नको म्हणा आणि अ‍ॅम्बुलिफ्टची वाट बघा. जिन्यावर पाय घसरला तर पडणारा माणूस आपला असतो.

गेटवर पाऊण तास आधी जाऊन बसा आणि तिथल्या माणसाला सांगा की केबिन चेअर लागणार आहे, दारावर तयार ठेवा. बाकीचे प्रवासी चढायच्या आधी बसवणं झालं तर शांतपणे होतं. सगळे आत बसलेले असताना आणलं की दीडशे डोळे बघत असतात. उचलण्याआधी उशी विमानाच्या सीटवर ठेवून घ्या, नंतर ती खाली सरकवता येत नाही. बसल्यावर पायजम्याच्या मागच्या बाजूला घडी राहिली आहे का, खिशात मोबाइल किंवा चावी आहे का ते बघा. स्पर्श न कळणाऱ्याला त्या घडीचा फोड होईपर्यंत पत्ता लागत नाही.

हवाई सुंदरीकडून आपत्कालीन सूचना स्वतंत्रपणे समजावून घ्या, विशेषतः कोणत्या दारानं आणि कोण नेणार.

हवेत

फारसं काही नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन किंवा एका कुशीकडे झुकून वजन हलवायचं. मी घड्याळ लावते. कानात दडा बसला तर लिमलेटची गोळी. कंबरेचा पट्टा आहेच, पण ज्यांना पाठीत तोल नाही ते विमान जमिनीला टेकून ब्रेक लागतो तेव्हा पुढे झुकतात. त्या वेळी शेजारच्यानं छातीसमोर हात आडवा धरावा. पाय सरळ जमिनीवर आहेत ना, तेही तेव्हाच बघा.

उतरल्यावर

सगळे उतरेपर्यंत बसून राहा, पण बसल्या बसल्या कर्मचाऱ्यांना विचारून घ्या: आमची खुर्ची दारात आली का? ती बेल्टवर गेली असं कळलं तर तिथेच, सीटवरूनच मागा. एकदा खाली उतरल्यावर कोणाला सवड नसते.

खुर्ची मिळाली की बसण्याआधी तपासा: चाकं फिरतात का, ब्रेक लागतात का, चौकट वाकली आहे का. काही मोडलं असेल तर विमानतळ सोडायच्या आधी कंपनीच्या सामान विभागात लेखी नोंद करा, तिची प्रत घ्या आणि निघतानाचे फोटो दाखवा. सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते. कंपनीनं दाद दिली नाही तर नागरी उड्डाण मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल आहे.

बाहेर टॅक्सीबद्दल एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा: सीएनजीच्या गाडीत डिकीत टाकी असते आणि घडीची व्हीलचेअर बसत नाही. पुणे-मुंबईला अशाच गाड्या जास्त. बुक करतानाच मोठी गाडी मागा किंवा चालकाला फोन करून विचारा. पुण्यात आम्हाला तिसरी गाडी मिळेपर्यंत चाळीस मिनिटं लागली होती. आता नणंदेचा मुलगा स्वतःची गाडी घेऊन येतो, डिकी रिकामी करून.

पोहोचल्यावर जेवायच्या आधी त्याला आडवं करायचं आणि आरशानं पाठ, कुल्ले, टाचा बघायच्या. लाल डाग दिसला आणि भार काढून अर्ध्या तासात गेला तर ठीक. राहिला तर त्या बाजूवर बसायचं नाही, मग बाहेर लग्नाची कितीही घाई असो. नणंदेच्या मुलीच्या लग्नात सीमांतपूजनाला तो नव्हता, आतल्या खोलीत कुशीवर पडून होता. सकाळपर्यंत डाग गेला होता. अक्षता टाकायला खुर्चीत बसून गेला.